किरकोळ गुन्ह्यांचे दप्तर कोण जपणार?

१/
१० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापले आणि वऱ्हाडात जंगल सत्याग्रहाला तोंड फुटले. इतिहासाच्या पुस्तकात हा स्वातंत्र्यलढ्याचा प्रसंग आहे. न्यायालयाच्या लेखी ती परवानगीवाचून गवत नेल्याची कागाळी. अणे यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. ते नेते होते, त्यांची चरित्रे लिहिली गेली. मात्र हा सत्याग्रह वऱ्हाडभर पसरल्यावर ज्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी विळा हाती घेतला, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांची नावे, गावे, वये आणि न्यायाधीशापुढे त्यांनी काढलेले उद्गार असलेच, तर ते एकाच ठिकाणी असणार: फौजदारी न्यायालयाच्या दप्तरात.

२/
आणि नेमके हेच दप्तर सर्वांत आधी रद्दीत जाते.

३/
यात कोणाचे कारस्थान नाही, ही नियमांची साधी चाल आहे. न्यायालयांतील निरुपयोगी कागदांची विल्हेवाट लावण्याचे नियम करण्याचा अधिकार १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याने उच्च न्यायालयांना दिला. खटल्याचा प्रकार आणि शिक्षेची तीव्रता पाहून कागद किती वर्षे ठेवायचे ते ठरते. फाशी-जन्मठेपेचे कागद दीर्घकाळ टिकतात; दंडाचे, इशाऱ्याचे, आठवड्याभराच्या कैदेचे लवकर जातात. अपिलाची मुदत संपली, दंड भरला, की न्यायालयाला त्या कागदाचा उपयोग उरत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे रास्तच. पण जिल्ह्याचा सामाजिक इतिहास खुनांपेक्षा किरकोळ गुन्ह्यांतच अधिक दाटलेला असतो. गवताची मोळी, कोंडवाड्यातून सोडवून नेलेली बैलजोडी, बिगरपरवाना गाळलेली दारू, सावकाराच्या दारातली बाचाबाची, पाणवठ्यावरची मारामारी. न्यायाच्या तराजूत जे हलके, ते इतिहासाच्या तराजूत जड. आणि काय ठेवायचे हे मात्र पहिलाच तराजू ठरवतो.

४/
समाजमाध्यमांवर बुलढाण्याचा ‘अस्सल इतिहास’ सांगणाऱ्यांची आज वाण नाही. त्यांतल्या बहुतेकांची धाव गॅझेटियरपर्यंत: १८७० चे लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर, फार तर १९१० चे नेल्सन यांचे बुलढाण्याचे. ही पुस्तके मोलाची आहेत, यात वाद नाही. परंतु जिल्ह्यात गुन्हे कोणते, गुन्हेगार कोण, कोणती जमात ‘उपद्रवी’, हे त्यांत सांगतो तो राज्यकर्ता. ज्या राजवटीने १८७१ च्या कायद्यान्वये अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तिच्याच अधिकाऱ्याचे वर्णन दीडशे वर्षांनी विनातक्रार उतरवून घेणे म्हणजे इतिहासलेखन नव्हे, मुनीमगिरी होय. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याची भाषा मात्र मराठी धाग्यांतून अजून सुखाने नांदते आहे.

५/
खटल्याच्या कागदातही बोलते ते सरकारच, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण अर्धाच. फिर्याद पोलिसांची, पंचनामा पोलिसांचा, भाषा कारकुनाची. तरी त्या चौकटीत उलटतपासणी असते, साक्षीदार फिरतो, आरोपीची जबानी कारकुनी भाषेतूनही मधूनच निसटून बाहेर येते. रणजित गुहा यांनी १९८७ साली ‘चंद्राज डेथ’ हा निबंध लिहिला तो बीरभूममधील १८४९ च्या एका मृत्यूसंबंधीच्या मोजक्या, तुटक्या जबान्यांवरून. शाहिद अमीन यांनी चौरीचौराचा इतिहास लिहिताना माफीच्या साक्षीदाराची साक्ष प्रमाण म्हणून उचलली नाही. ती कशी घडवली गेली, हेच तपासले. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली होती, उच्च न्यायालयात ती १९ जणांवर आली. जो या दोन आकड्यांमधील अंतर वाचू शकतो, त्याला खटल्याचे कागद वाचता येतात.

६/
आता शोधाविषयी. ‘नेटवर नाव टाकले, काही आले नाही, म्हणजे खटला झालाच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटला क्रमांक, पक्षकाराचे नाव, पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक यांवरून शोध घेता येतो. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यातली पहिली अक्षरे राज्य आणि जिल्हा सांगतात, शेवटचे चार अंक वर्ष. पण हा संगणकीकरणाच्या काळातला आरसा आहे. त्या आधी निकाली निघून बस्त्यात बांधलेले खटले त्यात दिसण्याची अपेक्षा धरणे म्हणजे आजच्या मतदार यादीत पणजोबा शोधणे.

७/
जुन्या खटल्यासाठी पहिला प्रश्न ‘कोण?’ हा नसतो, ‘त्या वर्षी ते गाव कोणाच्या अधिकारात होते?’ हा असतो. खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ च्या फेररचनेत अकोल्यातून बुलढाण्यात आले. तेव्हा १९०० सालचा खामगावचा खटला बुलढाण्यात शोधून हात हलवत परतणाऱ्याला दोष दप्तराचा नसतो. त्याने अकोला गाठायला हवे होते.

८/
त्याहून गुंतागुंत वरच्या पायरीवर आहे. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती, पण हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. अपिले नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जात. १९३६ मध्ये तिथेच उच्च न्यायालय झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. म्हणजे मेहकरच्या तीन पिढ्यांतील तीन आरोपी गाव न सोडता तीन वेगळ्या व्यवस्थांपुढे उभे राहिले. पहिल्याच्या प्रकरणावर वरपर्यंत पत्रव्यवहार झाला असेल तर तो रेसिडेन्सीच्या कागदांत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे शोधावा. पुढच्यांसाठी नागपूरच्या पुराभिलेखागारातील मध्य प्रांत व वऱ्हाडची दप्तरे. निवाडा छापला गेला असेल तर ‘नागपूर लॉ रिपोर्ट्स’ किंवा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चा नागपूर विभाग. मूळ कागद गेले तरी छापील निवाड्यात खटल्याची हकिगत उरते. अर्थात, ज्याला वकील परवडला त्याचीच.

९/
आणखी एक चकवा. त्या काळी डेप्युटी कमिशनर आणि तहसीलदार हेच दंडाधिकारीही असत. न्याय आणि महसूल यांची फारकत १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर पक्की केली. म्हणून जुने किरकोळ खटले न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नसून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा तहसिलीच्या दप्तरात असू शकतात. आधी नोंदवही मागावी, मग बस्ता. बस्ता नष्ट झाला असला तरी नोंदवहीतल्या एका ओळीत नाव, कलम, शिक्षा आणि तारीख मिळते. जुन्या कागदांत मोडीही भेटते. तिचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेत असते, आणि ते तरुणांनी ओस पाडू नयेत.

१०/
मग दार उघडे आहे काय? कागदोपत्री, होय. खटल्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीलाही निकालाची नक्कल मिळण्याची तरतूद जुन्या संहितेच्या कलम ३६३ मध्ये होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. शुल्क आणि अटी उच्च न्यायालयाने ठरवायच्या. माहितीच्या अधिकारात अर्ज करून हा वळसा टाळता येईल, ही आशा ४ मार्च २०२० रोजी मावळली. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनीच मागावेत. त्रयस्थाने कारण द्यायचे, शपथपत्र द्यायचे. ‘इतिहासाचा अभ्यास’ हे कारण नक्कल विभागाच्या टेबलावर किती वजनाचे ठरते, हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोडलेले आहे. हक्क नशिबावर चालत नाही.

११/
लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे जवळजवळ दोन लाख खटले चिखलीत बसून फुकट वाचता येतात. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये रुमाल चोरणाऱ्या पोराचे नाव चिखलीच्या विद्यार्थ्याला एका मिनिटात सापडते. त्याच्याच पणजोबाच्या गावातला, १९३० साली गवत कापणारा माणूस सापडत नाही.

१२/
पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले; त्यांपैकी २,०३८.४० कोटी न्यायालयीन कागदांच्या स्कॅनिंग आणि जतनासाठी आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. चालू खटले आधी होणार हे उघड. त्यांची पाळी संपून जुन्या दप्तराची येईपर्यंत ते दप्तर शिल्लक असेल काय?

१३/
जागेचा प्रश्न खरा आहे. वाळवी आणि गळकी छपरेही खरी. सगळेच ठेवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात १८९२ पूर्वीचा कागद जवळजवळ अस्पर्श ठरवला आहे. तो कायदा केंद्राच्या कार्यालयांपुरता. दिल्लीतल्या खात्याची १८९० ची टिपणी पवित्र आणि मलकापूरच्या कुणब्याची १८९० ची जबानी रद्दी, हा भेद कोणत्या तत्त्वावर?

१४/
खासगीपणाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांची ओळख बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने झाकली आहे. त्यापलीकडेही, ज्या समाजांवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का मारला गेला त्यांच्या आज्याचा खटला नावागावासह चव्हाट्यावर मांडून टाळ्या मिळवणे हा अभ्यास नव्हे. त्याचे नातू त्याच गावात राहतात, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. निर्दोष सुटलेल्याचीही अटक तेवढी सांगितली जाते, सुटका कोणी सांगत नाही. पण यावर उपाय मुदतीचा आहे, नाव झाकण्याचा आहे. कागद फाडण्याचा नाही. फाडलेल्या कागदाबरोबर सुटकेचा पुरावाही जातो आणि गॅझेटियरमधला शिक्का तेवढा उरतो.

१५/
तेव्हा मागणी मोजकी आहे. १९४७ पूर्वीचा एकही फौजदारी कागद बुलढाणा जिल्ह्यात नष्ट होऊ नये. त्यानंतरच्या कागदांची नष्ट करावयाची यादी तीन महिने आधी नागपूरच्या पुराभिलेखागाराकडे आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे जावी, किरकोळ खटल्यांतून त्यांनी नमुने निवडून घ्यावेत. नोंदवह्या कोणत्याही वर्षाच्या असोत, त्या राखाव्यात. स्कॅनिंगची पाळी लागेल तेव्हा प्रारंभ १९३० च्या पावसाळ्यातील जंगल खटल्यांपासून व्हावा.