दान नंतर, आधी ग्रामसभेत या



गेल्या पावसाळ्यात, ऐन आवणीच्या दिवसांत, आमच्या पाड्यावर तीन बस आल्या. शहरातल्या एका मोठ्या कंपनीची नोकरदार पोरंपोरी होती. अंगात एकसारखे टी-शर्ट, डोक्यावर टोप्या, सोबत जंगलखात्याचा गार्ड. माळावर खड्डे आधीच खणून ठेवलेले. दुपारपर्यंत रोपं लावली, पोरांना वह्या वाटल्या, फोटो काढले, पाटी ठोकली आणि गेले. जाताना घरी असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेतले. 'वह्या मिळाल्याची पोच' म्हणे. कागद कोणाला वाचून दाखवला नाही.

आम्ही सगळे तेव्हा खाली खाचरात होतो.

तो माळ मोकळा नाय. तिथे सात घरांचे प्लॉट आहेत. वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवायची, मग तिला विसावा द्यायचा, ही आपली रीत. त्या साली ते प्लॉट पड होते, एवढंच. वनहक्काचे दावे भरलेत, पंचनामे झालेत, निकाल बाकी आहे. आमची पोरं सांगतात, एका बाईने नाचणीची जुनी धसकटं बघून विचारलंही, इथे काय पिकतं? गार्ड म्हणाला, पडीक आहे.

त्या बाईशी आमचं भांडण नाय. सुट्टीचा दिवस सोडून ती चिखलात राबली. तिला वाटलं असेल आपण पुण्य केलं. ज्यांनी तिला कोणाच्या जमिनीवर पाठवतोय ते सांगितलं नाही, त्यांच्याशी आमचं भांडण आहे.

आता काही लोक म्हणतात, कंपनी दान करते तर तुम्ही कशाला आडवे येता? त्यांना आमचं उत्तर ऐका.

पहिली गोष्ट, हे दान नाय. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावेच लागतात. वर्षाला ५ कोटी नफा असला तरी हा नियम लागतो. म्हणजे कायद्याने काढायला लावलेला पैसा आहे तो. त्यासाठी आम्ही हात जोडून उभं राहायचं कारण नाही. आणि एक दिवस येऊन सोहळा करून जाण्याला हा खर्च म्हणता येत नाही, असं सरकारनेच २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट, पैसा कशावर खर्च करायचा ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. त्या कायद्यात ग्रामसभेला विचारा असं कुठेच लिहिलेलं नाही. पण आपल्या कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीवर शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता करायला खुद्द सरकारलाही ग्रामसभेची शिफारस लागते. तीही १ हेक्टरपेक्षा कमी जागेसाठी. सरकारला विचारावं लागतं, मग कंपनीला का नको?

तिसरी आणि खरी गोष्ट. त्याच कायद्याचं कलम ४(५) सांगतं, की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. काठी घेऊन हटवायला आले तर आपण उभे राहतो, हे त्यांना माहीत आहे. रोपं घेऊन आले की आपण चहा ठेवतो. पण उद्या समितीपुढे तो माळ 'लागवड क्षेत्र' म्हणून दाखवला, पाटीचा फोटो लावला आणि आपलेच अंगठे जोडले, तर आपला ताबा कसा सिद्ध करायचा? वहीच्या बदल्यात जमीन, असा हा सौदा होईल.

ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण घ्या. तिथे वेदांत गटाला डोंगरातलं बॉक्साइट हवं होतं. २००८ साली मंजुरी देताना सुप्रीम कोर्टाने अट घातली, की त्या भागाच्या विकासासाठी वर्षाला नफ्याचे ५ टक्के किंवा १० कोटी, जे जास्त असेल ते द्या. पैसा कमी नव्हता. पण २०१३ साली कोर्टानेच निर्णय ग्रामसभांवर सोपवला, तेव्हा डोंगरिया कोंध आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या १२ ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. डोंगर राहिला.

आमची मदतीला ना नाही. पोरांना वह्या पाहिजेत, पाण्याची टाकी पाहिजे. पण आमच्या ग्रामसभेने आता ठराव केलाय. तुम्हीही तुमच्या पाड्यावर करा :

१. कंपनी असो की संस्था, आधी ग्रामसभेत यायचं. कुठल्या जागेवर काय करणार, ते लेखी द्यायचं.

२. दाव्यातल्या जमिनीवर लागवड नाही. सामूहिक वनात लागवड करायची तर कुठली झाडं ते आम्ही सांगू. मोह, हिरडा, आंबा लावा. राखणही आम्ही करू, आणि फळही आमचं.

३. न वाचलेल्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. वाचल्यावरही एक प्रत आपल्याकडे ठेवायची.

४. पाटी लावायची तर ग्रामसभेच्या नावाची.

त्या दिवशी घेतलेल्या अंगठ्यांच्या कागदाची प्रत आम्ही कंपनीकडे आणि जंगलखात्याकडे लेखी मागितली आहे. ठरावाची प्रत उपविभागीय समितीला दिली, पोच घेतली. अजून उत्तर नाय. येत्या महिन्यात सातही घरं माळावर नांगर घालणार आहेत. त्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांनी यावं. कायद्याचा कागद आमच्यापाशी आहे, माणसं तुम्ही आणा.

आणि कंपनीतल्या पोरापोरींनो, तुम्हाला खरंच राबायचं असेल तर परत या. झाडं नका आणू. मोजणीची टेप आणि दावे लिहायला पेन आणा. भाकर आम्ही देऊ.

जिंदाबाद!