वसूबारसेचा पाहुणचार

गेल्या वसूबारसेला आमच्या हातून गोहत्येचे पातकच घडायचे! चाळीमागच्या गोठ्यातल्या कपिलेला ओवाळून सौभाग्यवतींनी तिच्यापुढे वडे आणि पातेलेभर भात ठेवला. शेजारच्या बिऱ्हाडांनी तरी मागे का राहावे? दुसऱ्या दिवशी, ऐन धनत्रयोदशीला, गवळी दारात उभा. "काका, गाय रवंथच करीना."

जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून पाहिली. "भात आंबलाय पोटात," ते म्हणाले. आधी सोडा पाजला. मग दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटातला हिरवट रस नळीने काढून तो कपिलेच्या पोटात सोडला. मला मळमळू लागले. डॉक्टर हसले. "हे औषध नव्हे. आंबटाने मेलेली बिऱ्हाडे पुन्हा वसवतोय."

ती बिऱ्हाडे त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. थेंब गार होण्यापूर्वी पाहायचा, एवढीच अट. अंगावर केसांची झालर असलेले गुबगुबीत जीव नुसते धावत होते! ग्रूबी आणि देलाफाँ या दोघांनी 1843 साली फ्रान्समध्ये हे आदिजीव प्रथम पाहिले. गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे कोटीपोटात, शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो आणि त्याच्या एकेका मिलिलिटरात हे लाखांनी असतात. चारा आंबवून ते गाईला पोसणारी आम्ले तयार करतात. पिठूळ कण गिळून आंबण्याचा वेग आवरतात तेही हेच. पण आमच्यासारखे यजमान भेटले की बिचाऱ्यांचा नाइलाज होतो.

आता खरी गंमत. या उद्योगात त्यांच्यापाशी हायड्रोजन साठतो आणि तो तुंबला की धंदा बसतो. म्हणून त्यांनी पोटभाडेकरू ठेवले आहेत! अंगाला चिकटून, काही तर थेट अंगात, अतिसूक्ष्म जीव राहतात. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ते मिथेन वायू करतात. हे साधे जंतूही नव्हेत. 1977 साली कार्ल वूज यांनी त्यांची जातकुळीच वेगळी ठरवली. मिथेन बाहेर पडतो तो बहुतेक ढेकरांवाटे. आमचे चिरंजीव उगाच दुसऱ्या दाराकडे बोट दाखवीत होते.

या ढेकरांपायी चाऱ्यातली दोन ते बारा टक्के ऊर्जा हवेत जाते. शिवाय हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी पृथ्वी तापवतो. मग या आदिजीवांना हाकलूनच का देऊ नये? शास्त्रज्ञांनी तेही करून पाहिले. गाय जगते, मिथेनही घटतो, पण काडीकचरा पूर्वीइतका पचत नाही. मला विचाराल तर, कडब्यावर जगणाऱ्या जनावराचा हा आधार काढून घेण्याची घाई नको.

कपिला चौथ्या दिवशी रवंथ करू लागली. पुढे तिला कालवड झाली. वासरू हे बिऱ्हाड घेऊन जन्मत नाही. आईच्या चाटण्यातून, लाळेतून ते त्याला मिळते.

यंदा सौभाग्यवतींनी पानावर चिमूटभर भात ठेवला आणि हिरव्या गवताच्या दोन पेंढ्या. कपिला मात्र आमच्याकडे ढुंकूनही न पाहता कालवडीचे तोंड चाटत राहिली.