उडी बाईची, नियम कुणाचा?

रिद्धपूरला बर्फ पडत नाही. मोर्शी तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांत राबणाऱ्या बायांना स्कीइंगशी काय देणेघेणे, असे कुणीही विचारील. पण मैत्रिणींनो, या बर्फावरच्या खेळाचा कारभार कसा चालला हे पाहिले, तर आपल्याच गावची गोष्ट ऐकतो आहोत असे वाटते.

पायांना लांब पट्ट्या बांधून उंच उतारावरून घसरत यायचे आणि हवेत झेप घ्यायची, या प्रकाराला स्की-जम्पिंग म्हणतात. 1924 साली शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हापासून पुरुष त्यात उतरतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघही त्याच वर्षी, त्याच गावी स्थापन झाला. बायांना मात्र या झेपेसाठी 2014 साल उजाडावे लागले. तब्बल नव्वद वर्षे!

कारण काय दिले गेले? 2005 मध्ये महासंघाचे अध्यक्ष जान फ्रांको कास्पर यांनी सांगितले, की वैद्यकीय दृष्ट्या हा खेळ स्त्रियांना योग्य दिसत नाही. त्या काळात मुली याच टेकड्यांवरून झेपा घेत होत्या. 2009 मध्ये काही खेळाडू कॅनडात न्यायालयात गेल्या. न्यायाधीशांनी हा भेदभाव आहे हे मान्य केले. पण स्पर्धेत कोणते खेळ घ्यायचे हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ठरवते आणि ती कॅनडाच्या हक्कांच्या सनदेला बांधील नाही, असेही सांगितले. म्हणजे अन्याय झाला हे कबूल, पण करणारा हाताला लागत नाही! आणि गोष्ट तिथे संपत नाही. स्की-जम्पिंग व लांब पल्ल्याचे स्कीइंग एकत्र असणाऱ्या ‘नॉर्डिक कंबाइंड’ या खेळात 2026 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही फक्त पुरुषच होते.

बाईचे शरीर पुढे करून तिला दाराबाहेर ठेवायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. विटाळाच्या नावाने हेच चालत आले. रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची आणि धवळे रचणाऱ्या महदंबेची भूमी. त्यांच्याच परंपरेत चक्रधरांनी तेराव्या शतकात विटाळ नाकारला. शरीराच्या इतर स्रावांसारखाच हा एक, असे सांगितले. तेव्हा कळण्यासारखे जे होते, ते एकविसाव्या शतकातल्या महासंघाला का कळू नये? कारण प्रश्न ज्ञानाचा नव्हताच. नियम लिहिणाऱ्या खोलीत कोण बसते, याचा होता.

आपल्या देशाकडे पाहू. 1988 मध्ये शैलजा कुमार हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. मग 2006 मध्ये नेहा अहुजा. 2010, 2014, 2018 आणि 2022 या चारही वेळी भारतीय पथकात एकही स्त्री खेळाडू नव्हती. मनालीच्या आंचल ठाकूरने 2018 मध्ये तुर्कस्तानात स्कीइंगचे कांस्यपदक मिळवले, म्हणजे कर्तृत्वाची वाण नाही. आणि तक्रार केली तर काय होते, हे 2023 मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीपटूंनी दाखवून दिले. ज्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचे आरोप होते, ते त्यांच्याच महासंघाचे अध्यक्ष होते.

2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पंधरापर्यंत सदस्यांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असाव्यात, असे त्यात आहे. पाऊल चांगले आहे. पण पंचायतीतल्या आरक्षणाने आपल्याला एक धडा दिला आहे. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा अनुभव कुणाला नाही? जागा मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असे नाही. त्या चार जणी निवड समितीत असतील का, पैशाच्या हिशेबावर बोलतील का, त्यांच्यात खेळलेल्या किती असतील, हे विचारावे लागेल.

आपल्या भागातल्या मुली कबड्डी, खो-खो खेळतात. मैदान मिळते, बक्षिसेही मिळतात. पण बाहेरगावी स्पर्धेला जाताना सोबत कोण आहे या प्रश्नाशी घरचे थांबतात आणि मुलगी खेळ सोडते. यात दोष केवळ घरच्यांचा नाही, संघटनेचाही आहे. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न ठरवा आणि तालुका-जिल्ह्याच्या क्रीडा संघटनांना लेखी पाठवा. कार्यकारिणीत स्त्रिया किती? मुलींच्या संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक जाते का? लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती आहे का? 2013 च्या कायद्याने क्रीडासंस्था आणि स्पर्धेचे मैदानही ‘कामाचे ठिकाण’ आहे. समितीची अध्यक्ष स्त्रीच हवी, एक सदस्य बाहेरची हवी. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते.

उत्तर आले नाही तर दुसरे पत्र पाठवा, तेही न जमले तर सगळ्या जणी मिळून कार्यालयात जा. स्की-जम्पिंगच्या खेळाडूंना कुणी बोलावून दार उघडून दिले नव्हते. त्या वर्षानुवर्षे ठोठावत राहिल्या.