मुलग्यांनाही पेज करता यावी

दोन वर्षांपूर्वी ऐन भातलावणीत आमच्या घरच्या बाईंचा पाय बांधावरून घसरला व मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. घरात आम्ही तिघे पुरुष. दोघे मुलगे पंपाचे इंजिन उघडून पुन्हा बसविणारे. पण पहिल्या दुपारी चिखलातून येऊन पाहतो तो चूल थंड, आणि दुखणाईताच्या उशाशी चहा व बिस्किटे. शेजारच्या मावशींनी चार दिवस डबा पाठविला. पाचव्या दिवशी त्यांचीही लावणी सुरू झाली. मग मोडका हात गळ्यात बांधून तीच चुलीपुढे येऊन उभी राहिली. त्याची आम्हांला वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

म्हणून या पानावर खतांऐवजी आज स्वयंपाकाविषयी लिहीत आहोत. आमचे मत असे की, दृढीकरणाच्या वयाच्या प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो की मुलगी, निदान पेज, आंबील आणि कुळथाचे पिठले करता आलेच पाहिजे.

पेज सर्वांत सोपी. एक वाटी उकडा तांदूळ धुऊन आठ वाट्या पाण्यात घालावा, उकळी आली की जाळ कमी करून पाऊण तास शिजू द्यावा, मीठ शेवटी. वरचे पाणी ओतून टाकू नये, तांदळातले सत्त्व त्यात उतरलेले असते. जुलाब झालेल्यालाही मीठ घातलेली पातळ पेज चालते. मात्र आरोग्य केंद्रातील क्षार-साखरेची पुडी आणावी, आणि मूल मलूल दिसले तर पेजेवर विसंबू नये, थेट दवाखाना गाठावा.

आंबिलीसाठी दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत ओतावे व सात-आठ मिनिटे शिजवावे. पूर्ण निवल्यावरच ताक, मीठ, ठेचलेला लसूण व जिरे घालावे. गरम असताना ताक घातले की फाटते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरात नाचणीचा भाव वधारला. आपण मात्र ती विकून बिस्किटे आणतो! मधुमेह्यांनी आंबील औषध समजून तांब्याने पिऊ नये. तीही पिठाचीच.

पिठल्यात आमची फजिती झाली. धाकट्याने पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले, आणि झालेल्या गोळ्या कोंबड्यांनीसुद्धा दोनदा पाहून मग खाल्ल्या. खरी रीत अशी: भाजलेल्या कुळथाचे चार मोठे चमचे पीठ एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, हळद यांची फोडणी करावी. लसूण तांबूस होताच दोन वाट्या पाणी व दोन आमसुले घालावीत. उकळी फुटल्यावर कालवलेले पीठ एका हाताने ओतावे, दुसऱ्या हातातली पळी थांबू देऊ नये. मीठ घालून सहा-सात मिनिटे खदखदू द्यावे. कुळथाच्या शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅमांवर प्रथिने असतात, त्यामुळे प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस नसले तरी अंगमेहनतीला बळ मिळते.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, मुलगा चुलीपुढे बसला तर गाव हसेल. योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय त्यांनी काढून पाहावा. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित प्रभूने स्वतः किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे व भाकर तयार ठेवली होती. कोणी हसल्याचे तेथे लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप तरुणांचा. पाकिटातल्या शेवया दोन मिनिटांत होतात, मग एवढा खटाटोप कशाला? आजारी आईपुढे त्या रोज ठेवता येतील का, ते त्यांनीच सांगावे. शिवाय त्यांत मीठ फार.

युवक संघाने मिस्सानंतरचा एखादा रविवार यासाठी द्यावा. चूल, कढई आणि कुळथाचे पीठ आम्ही आणू. गुठळ्या होतीलच, म्हणून पीठ थोडे जास्त आणू.

आमचा धाकटा आता नोकरीनिमित्त बाहेरगावी खोली घेऊन राहतो. पीठ संपल्याचा निरोप परवाच आला. या शनिवारी एस. टी. ने दोन किलो पाठवीत आहोत, आणि खोलीतल्या सोबत्यासाठी आणखी एक.