मोजणीतील न्याय

आत्महत्यांचा सरकारी आकडा प्रसिद्ध होतो दिल्लीत. पण तो जन्मास येतो गावच्या पोलीस ठाण्यात. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा व शवचिकित्सा यांच्या आधारे तपासी अंमलदार मृताचा व्यवसाय आणि मृत्यूचे कारण ठरवितो. त्यापुढे जिल्हा, राज्य व राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे काम मुख्यतः बेरजेचे.

या बेरजेत रकाना बदलला की वास्तवच बदलल्याचा भास होतो. २०१३ साली शेती व्यवसायाखाली ११,७७२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०१४ साली शेतमजुरांचा रकाना निराळा होताच शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० वर उतरला. मग संकट निम्मे झाले काय? मुळीच नाही. शेजारच्या रकान्यात ६,७१० शेतमजूर होते!

महाराष्ट्रात महसूल खाते याच मृत्यूंची ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी वेगळी छाननी करते. जमीन व थकलेले कर्ज कागदोपत्री सिद्ध न झाल्यास विधवेला साहाय्य नाकारले जाते. म्हणून पोलीस आणि महसूल या दोन्ही खात्यांच्या नोंदी गावनिहाय ताडून प्रसिद्ध केल्या पाहिजेत. मृतास परत आणणे सरकारच्या हाती नाही. त्याची खरी गणना करणे मात्र निश्चितच आहे.