छळ कशास म्हणावे?

रात्री दहा वाजता सणाच्या मांडवातील ध्वनिक्षेपक बंद करावयास सांगण्यात आले, म्हणून आमच्याच धर्मग्रामातील एका सभेत वक्त्याने “आपला छळ सुरू झाला आहे” असे उद्गार काढले. टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजविली नाही, याचा काहींना राग आला. त्या रागाला उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

दहाचा नियम सर्व धर्मांच्या मांडवांना सारखाच लागू आहे. मोजक्या दिवशी सूट देण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. ती कोणी मागितली होती का, हे त्या सभेत कोणीच विचारले नाही. अधिकारी उद्धटपणे बोलला असेल, परवानगीसाठी चार खेपा घालाव्या लागल्या असतील. तर त्याला गैरसोय म्हणा, अडवणूक म्हणा, फार तर जाच म्हणा. आपल्याला वेगळा न्याय लावला गेला असेल, तर त्याला अन्याय म्हणा आणि न्यायालयाची पायरी चढा. मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही.

मराठी वाचकाला छळ हा शब्द प्रथम भेटतो तो वर्तमानपत्रातील सासुरवाशिणीच्या बातमीत. एकदा कोणी टाकून बोलले, तर तो छळ नव्हे. रोज, त्याच घरात, त्याच माणसांकडून, माहेरची वाट बंद असताना जे सोसावे लागते तो छळ. नव्या करारातील ग्रीक शब्दातही हेच सातत्य आहे. ‘दिओको’ या क्रियापदाचा मूळ अर्थ पाठलाग करणे. आपण ज्याला हात धुऊन मागे लागणे म्हणतो ते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात संत पौल आपण ख्रिस्तसभेचा छळ केल्याची कबुली देतो ती याच क्रियापदाने, आणि पुढे ध्येयाकडे धावतो तेही याच क्रियापदाने. अनुवादात हे नाते हरवते. पौलाला छळ म्हणजे काय हे नेमके ठाऊक होते, कारण त्याने तो केला होता.

इ. स. 177 मध्ये गॉल प्रांतातील ल्यों येथील ख्रिस्ती लोकांना फटके बसले, त्यांना तापलेल्या लोखंडाने डागले गेले, श्वापदांपुढे टाकले गेले. त्यांतून वाचून तुरुंगात परतलेल्यांना कोणी रक्तसाक्षी म्हटले की ते त्यालाच दटावत. तो मान ख्रिस्ताचा आणि मरण पावलेल्यांचा, आम्ही केवळ विश्वास कबूल करणारे, असे ते म्हणत. युसेबियसने हा वृत्तांत जपून ठेवला आहे. अंगावर डाग घेतलेली माणसे शब्द एवढा जपून वापरीत होती, आणि आम्ही कर्णा बंद झाला म्हणून तो वापरतो!

आमच्या देशात या शब्दाला खरे धनी आहेत. 1999 च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. 2008 मध्ये कंधमालमध्ये हजारो लोक घरे सोडून जंगलात पळाले. त्यांच्यासाठी उद्या आम्ही तोंड उघडू, तेव्हा आमच्या तोंडी हाच शब्द असेल. आज तो कर्ण्यासाठी खर्चून बसलो, तर ऐकणारा विचारील, “कोणता छळ? तोच का, ध्वनिक्षेपकाचा?”

आणखी एक गोष्ट अनेकांना रुचणार नाही. गोव्यात 1560 मध्ये सुरू झालेल्या आणि 1812 मध्ये कायमच्या बंद झालेल्या इन्क्विझिशनला आम्ही ‘धर्मसमीक्षण’ म्हणतो. समीक्षण काय, पुस्तकाचेही होते! नवख्रिस्ती झालेल्यांना जुन्या चालीरीती पाळल्याच्या संशयावरून कोठडीत डांबले गेले, काहींना जाळले गेले. तेथे मात्र छळ हा शब्द आमच्या लेखणीस सुचत नाही. मराठी छळ ज्या संस्कृत ‘छल’ शब्दावरून आला, त्याचा अर्थ कपट. आणि न्यायशास्त्रात छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवून वाद जिंकण्याची युक्ती. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेचा आमच्या व्यासपीठांवर किती वेळा उल्लेख झाला, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

गेल्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत एका तरुणाने “छळ सोसणाऱ्या आपल्या धर्मग्रामासाठी” असे लिहून आणले होते. आम्ही त्यातील ‘आपल्या धर्मग्रामासाठी’ हे शब्द खोडून ‘कंधमालमधील कुटुंबांसाठी’ असे लिहिले. त्याने ते वाचले. पण नंतर तो आमच्याशी बोलला नाही.