हे पेन मला विका!

परवा भरसंध्याकाळी आमच्या घरात भांडण झाले. भांडणारी आमची सौभाग्यवती आणि समजूत घालणारी माझी एक विद्यार्थिनी. "तीन दिवस झाले, माझे रिचार्जचे पैसे गेले कुठे?" हा सौभाग्यवतींचा सूर इतका खरा लागला, की शेजारचे काका फाटकाशी येऊन उभे राहिले. वाचकहो, घाबरू नका. ती नोकरीची तालीम होती.

मुलगी कंधार तालुक्यातली, मराठी घेऊन बी. ए. झालेली. पूर्वी अशी पोरे सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवीत, कार्ड जपून ठेवीत आणि बोलावण्याची वाट पाहत म्हातारी होत. आता 'महास्वयम्'वर नोंद होते, रोजगार मेळावे भरतात. आमच्या नांदेडच्या एका मेळाव्यात मी डोकावलो, तर सर्वांत लांब रांग दोनच पाट्यांपुढे: 'कस्टमर केअर' आणि 'सेल्स'. पदवी कोणत्याही विषयाची चालेल, असे खाली लिहिलेले. मराठीच्या प्राध्यापकाला हे वाक्य वाचून किती बरे वाटते, ते काय सांगावे!

पहिली गाठ फोनवर पडते. नाव, गाव, पगाराची अपेक्षा, रात्रपाळी चालेल का. मग संगणकापुढे बसून ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवायचे. शेवटी खोटे गिऱ्हाईक, त्याला 'मॉक कॉल' म्हणतात. त्यासाठीच दिवाणखान्यात हा संग्राम, आणि मी पंच. "थांबा मॅडम, बघू लाले," असे ती म्हणाली की मी टेबलावर बोट आपटी. "'बघते आहे' म्हण!" पाचव्यांदा बोट आपटले तेव्हा ती म्हणाली, "सर, बोली अशुद्ध नसते म्हणून वर्गात तुम्हीच सांगता ना?"

सांगतो खरा. मला उत्तर सुचेना, म्हणून मी चहा मागवला.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात कारकुनी मिळावी म्हणून उर्दू शिकले. राज्यकारभार उर्दूत, आणि 1918 साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. 1948 साली निजामी राजवट गेली, आणि ऐन तिशीतले आजोबा पुन्हा बाळबोध अक्षर गिरवायला बसले. पोटाची भाषा निराळी असते, असे ते म्हणत. पण रागावले की फक्त मराठीतच रागावत.

असो. तालमीच्याच आठवड्यात तिला विक्रीच्या जागेसाठी लातूरहून बोलावणे आले. सोळा रस्ते मिळतात त्या गंजगोलाईत ती रिक्षातून उतरली आणि विचारीत विचारीत एका माडीवर पोहोचली. साहेबांनी पेन पुढे केले, "हे मला विका." इतर पोरांनी शाई, टोक, टिकाऊपणा यांचे गुणगान केले. हिचे वडील आठवडी बाजारात कांदे-मिरच्या विकतात, भाव सांगण्याआधी ते गिऱ्हाईकाला "घरी माणसं किती?" विचारतात. हिने विचारले, "साहेब, तुमच्याजवळ दुसरं पेन आहे का?" साहेब म्हणाले, नाही. "मग माझ्या नेमणुकीच्या कागदावर सही कशानं करणार?"

हशा पिकला, निवडही झाली. मात्र नेमणुकीचा कागदच नव्हता! जाहिरातीत 'फिक्स पगार अधिक इन्सेंटिव्ह' होते. माडीवर कळले की फिक्स शून्य. विकेल त्यावर कमिशन, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, आणि 'किट'चे अडीच हजार आजच भरायचे. तिने जिन्यातून मला फोन लावला. मी म्हणालो, "नोकरी देताना पैसे मागतो तो मालक नव्हे, दुकानदार. ऊठ, बसस्थानक गाठ." एजंटकी वाईट नाही, विम्याच्या एजंटकीवर कितीतरी जणांनी घरे बांधली, मुले शिकवली. पण तिला एजंटकीच म्हणावे, नोकरी म्हणून विकू नये. तिच्या बरोबरच्या चौघांनी पैसे भरले. त्यात एक माझाच जुना विद्यार्थी होता. त्याने मला फोन केला नाही, आणि हे मला अजून टोचते.

पुण्याची कस्टमर केअरची जागा मात्र तिला मिळाली. पगार, सुट्टी, पी. एफ. सारे छापलेला कागद आला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. परीक्षक म्हणाला होता, "गिऱ्हाईक छान शांत केलंत. उच्चार ट्रेनिंगमध्ये ठीक करू." हे तिने मोठ्या आनंदाने सांगितले, आणि लातूरवरून जाणाऱ्या पनवेल गाडीने ती गेली.

गेल्या आठवड्यात तिचे वडील पिशवीभर कांदे घेऊन आले. पोरगी बरी आहे म्हणाले. मग हसत हसत सांगू लागले. तिने नव्या नंबरावरून घरी फोन केला. आईने उचलला, तर पलीकडून सवयीने, "नमस्कार, मी बोलते आहे..." आईने "आमाला काही घ्यायचं नाही, बाई," म्हणून ठेवून दिला.

"मग?" मी विचारले.

"मंग काय, सर, दुसऱ्यांदा लावला. म्हनली, माय, मी बोलू लाले."